मॅडम, मला नाय पटत

निवृत्तीच्या दिवशी चहाच्या वेळी एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, इतक्या वर्षांतले कोणते विद्यार्थी आठवतात?" त्याला वाटलं असणार, मी विद्यापीठात क्रमांक आणलेल्यांची नावं घेईन. ती घेताना मी अडखळले. पण वर्गात उभं राहून माझ्या तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणणारी मुलं मला बाकांसकट आठवली. कोण खिडकीपाशी बसायचं, बोलण्याआधी कोण घसा खाकरायचं, रागावल्यावर कोणाचा आवाज चिरकायचा, सगळं. बोईसरच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवलं. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा ठरवलं, लिहायचं ते या भांडखोरांवर. त्यातही एकीवर जास्त.

राज्यशास्त्र म्हणजे राजकारण, असं पुष्कळांना वाटतं. आमचे सांगलीकडचे नातेवाईक लग्नाकार्यात भेटले की पहिला प्रश्न, "काय गं, यंदा कोण येणार निवडून?" जणू मी पिशवीत पंचांग घेऊन फिरते. प्रत्यक्षात आमचं काम बरंच रुक्ष असतं. राज्यघटना, संसद, पंचायत राज, मतदानाचा हक्क, आणि या सगळ्यावरच्या टिपा. पण विज्ञानाच्या शिक्षकाला जी सोय असते ती आम्हाला नाही. पाणी किती अंशाला उकळतं यावर त्याचं वैयक्तिक मत कुणी विचारत नाही. आमच्या तासाला शेवटच्या बाकावरून प्रश्न येतोच, "ते झालं मॅडम, पण तुम्हाला काय वाटतं?"

यावर माझे काही सहकारी म्हणत, आपल्याला काही वाटतच नाही असं सांगायचं आणि पुढचा मुद्दा घ्यायचा. काही जण पुस्तक मिटून तासभर स्वतःला काय वाटतं तेवढंच सांगत. मी मधली वाट काढली होती. मत सांगायचं, पण आधी जाहीर करून. "आता बोलते ते पुस्तकातलं नाही, माझं आहे. परीक्षेत ते लिहिलंत तर जास्त गुण नाहीत, विरोधात लिहिलंत तर कमी नाहीत." मुलांचा यावर पहिली सहामाही संपेपर्यंत विश्वास बसत नसे. सरावलीच्या चाळींतली कारखान्यातल्या कामगारांची मुलं, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची मुलं, पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यांवरून दोन वाहनं बदलून येणारी मुलं, सगळ्यांना घरून एकच शिकवण मिळालेली असे. मास्तर बोलतील त्याला मान डोलवायची. मान डोलावणारा वर्ग मला नकोसा वाटायचा. यांना पटलंय की यांचं लक्षच नाही, हे कळायला काही मार्ग नसतो.

पहिला उघड विरोध केला तो अखिलेशनं. त्याचे वडील इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते, घर सरावलीला. मी म्हणाले होते की माणसानं जिथं पोट भरतं तिथल्या मतदार यादीत नाव घालावं, गावाकडे नाव ठेवून काय उपयोग? हा उभा राहिला. "मॅडम, बुरा मत मानिए। यहाँ नौकरी है। वोट तो वहीं देंगे न, जहाँ मरने पर ले जाएँगे।"

वर्ग हसला. मी विचारलं, "मग तुझ्या चाळीसमोरचं गटार कोण साफ करून घेणार?"

"वो तो आपके वोट देने से भी साफ नहीं होता, मॅडम।"

यावर मात्र मीसुद्धा हसले. काही वर्षांनी तो बाजारात भेटला, दोन मुलांचा बाप झालेला. आपणहून म्हणाला, "नाम यहाँ डलवा लिया, मॅडम।" मला आनंद झाला आणि तो चेहऱ्यावर दिसला असणार, कारण तो लगेच म्हणाला, "आपके कहने से नहीं। माँ यहीं गुज़र गई।"

आता जिच्यासाठी लिहायला बसले तिच्याविषयी.

हर्षाली तांडेल तृतीय वर्षाला होती. नवापूरच्या बाजूला किनाऱ्यावर तिची वाडी. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली माणसं अजून मतदार आहेत. समुद्र तिथली जमीन वर्षावर्षानं खात चालला होता. मोठ्या भरतीला पाणी घरात यायचं, बोंबील सुकवायचे बांबूचे मांडव वाहून जायचे. प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी येऊन दगडी बंधाऱ्याचं आश्वासन द्यायचं. त्या वर्षी निवडणूक जवळ आली तशी वाडीनं बैठक घेऊन ठरवलं, या खेपेला एकानंही मत द्यायचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं. नेमका त्याच आठवड्यात माझा राजकीय सहभागावरचा धडा चालू होता.

मी नेहमीसारखं जाहीर करून माझं मत सांगितलं. "मतदानावर बहिष्कार मला पटत नाही. ज्याला तुमचं ऐकायचंच नाही, त्याच्यासमोर तुम्ही आपणहून गप्प बसता. त्याला आणखी काय हवं?"

खिडकीजवळून आवाज आला. "मॅडम, मला नाय पटत."

"बोल."

"आमी कदी गप बसलो? दर टायमाला मत देतो. बंधारा बांदतो म्हनून सांगतात, मत घेतात, जातात. पानी आमच्या घरात येतं. आता मशीन रिकामी दिसली तर निदान इचारतील तरी, काय झालं म्हनून."

"आणि नाही विचारलं तर?"

"आता तरी कोन इचारतंय?"

"हर्षाली, तुमच्या मतांशिवाय जो निवडून येईल, त्याला तुमच्या वाडीत यायची गरजच उरणार नाही."

"तो मतं घेऊनबी येत नाय, मॅडम."

घंटा झाली तरी वाद संपला नाही. तो जिन्यात चालला, एसटीच्या थांब्यावर चालला, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात आला. वर्गाचे दोन तट पडले. एरवी मागच्या बाकावर डुलक्या घेणारी मुलं तावातावानं बोलू लागली. मी घरी जाऊन तिच्या मुद्द्यांना उत्तरं शोधत बसे आणि सकाळी ती त्यांतलं अर्धं मोडून टाके. इतकी मजा मला शिकवताना क्वचित आली असेल.

वाद फार तापला की मी एक करायची. बाजू उलटायला लावायची. समोरच्याचं म्हणणं आपण इतकं नीट मांडायचं की त्यानं म्हणावं, हो, मला हेच म्हणायचंय. त्याशिवाय आपल्याला ते कळलं असं धरायचं नाही. तशी त्या दिवशी हर्षाली मतदानाच्या बाजूनं बोलली आणि चांगली बोलली. मग मी उठले आणि बहिष्काराच्या बाजूनं बोलले. "ज्या यंत्राचं बटण दाबून तुमच्या घरात शिरणारा समुद्र थांबत नाही, त्या यंत्राला एकदा तुमच्या बोटाची वाट बघत बसू दे!" असं काहीसं माझं वाक्य होतं. वर्गानं बाकं बडवली. स्वतःच्या मताच्या बाजूनं इतकं जोरदार मी कधीच बोलले नव्हते.

कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. तेवढंच. आधीचं नाही, नंतरचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी चहा ठेवता ठेवता फोन माझ्यापुढे धरला. "हे तू बोललीस?" बोईसरपासून पालघरपर्यंत ते फिरलं होतं. खाली लिहिलं होतं, प्राध्यापिका विद्यार्थ्यांना मतदान करू नका म्हणून शिकवतात.

पुढचे दिवस वाईट गेले. आचारसंहिता लागलेली, त्यात हे. आमचे प्राचार्य सज्जन, पण फोन वाजला तरी दचकणारे. त्यांनी माझी निवडणुकीची ड्यूटी रद्द करून घेतली आणि संस्थेनं चौकशी लावली. निलंबित करा, असं संस्थेतल्या दोघांचं म्हणणं होतं. मी सांगितलं की तो अभ्यासाचा भाग होता आणि माझं मत याच्या नेमकं उलट आहे. त्यावर एक सदस्य शांतपणे म्हणाले, "पकडल्यावर सगळे असंच सांगतात." ज्या मताशी मी आयुष्यभर वाद घातला, त्याच मतासाठी माझी नोकरी जायची वेळ आली होती. ह्यांना यात विनोद दिसला. मला तेव्हा दिसला नाही.

वाडीत मात्र उत्सव होता. कॉलेजातली मॅडम आपल्या बाजूची! बोईसरच्या बाजारात तिकडच्या मासळीवाल्या बायका मला हाका मारून मूठभर मांदेली जास्त घालू लागल्या. एकटी काशीआत्या फुगून बसली होती. ही हर्षालीच्या वडिलांची आत्या, सत्तरीच्या पुढची, मासळीची पाटी घेऊन रोज बाजारात बसणारी. मला म्हणाली, "मॅडम, तुमी बोललात ते मला नाय आवडलं. मी आजून एकदाबी मत सोडलं नाय."

"आत्या, मलाही ते पटत नाही."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला भ्रम झालाय. मग शेजारणीला म्हणाली, "शिकलेली मानसं!" आणि सुरमईचे तुकडे करायला लागली.

चौकशी समितीनं वर्गातल्या काही मुलांना बोलावलं, त्यांत हर्षाली होती. तिला घरून बजावलं होतं की तू गप्प राहा. मॅडमचं बोलणं आपल्या कामी येतंय, तू कशाला मधे पडतेस? मी समितीसमोर एका कडेला बसले होते. ती आली, हात मागे बांधून उभी राहिली.

"तुमच्या मॅडम बहिष्कार टाका म्हणाल्या का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाय सर. मॅडम आमच्या इरोधात हायत. पयल्यापासून. ते बोलनं माजं होतं, मॅडमनी उसनं घेतलं."

"म्हणजे?"

तिनं बाजू उलटण्याचा सगळा प्रकार समजावून सांगितला.

"मग तुझंच म्हणणं दुसऱ्यानं मांडलं, याचा तुला राग नाही आला?"

"आला ना. माज्यापेक्षा बरं बोलल्या म्हनून."

अध्यक्ष हसले आणि खोलीतला ताण तिथंच सुटला. निवडणूक होईपर्यंत वर्गात असले प्रयोग करू नयेत, एवढी समज देऊन प्रकरण मिटवलं.

हर्षालीनं हेच वाडीतही जाऊन सांगितलं. मॅडम आपल्या बाजूच्या नाहीत, ते बोलणं पसरवू नका. वडील बरेच दिवस तिच्याशी बोलत नव्हते. मी तिला म्हटलं, "अगं, समितीसमोर सांगितलंस ते पुष्कळ झालं. वाडीत कशाला सांगायचं? तुमचं बळ वाढत होतं ना?"

"तुमी आमच्या बाजूच्या नाय, तर नाय. उगाच तुमाला आमच्यात कशाला धरायचं?" ती म्हणाली. आणि पुढे, "मतदानाच्या दिवशी या मॅडम आमच्याकडं. जेवायला या. रिकामी शाळा बघायला या."

मी गेले. सकाळी घराजवळ, सरावलीला, मतदान केलं आणि रिक्षानं वाडी गाठली. शाळेत मतदान केंद्र होतं. तिथून बऱ्याच अंतरावर, हर्षालीच्या अंगणात, जाळी विणायच्या जागी बायका बसल्या होत्या. माझ्या बोटाला शाई, त्यांची बोटं कोरी. बोट पदराखाली घ्यावंसं वाटलं, पण मी ते तसंच मांडीवर ठेवलं. त्यांनी पाहिलं, एकमेकींना कोपरानं ढोसलं आणि मला पाट दिला. केंद्रावरची माणसं रिकामी बसून कंटाळली होती. हर्षालीच्या आईनं त्यांच्यासाठी चहाची किटली पाठवली. "बहिष्कार मतावर हाय, मानसांवर नाय," ती मला म्हणाली. दुपारी तांदळाची भाकरी आणि बोंबलांचं कालवण झालं. त्या जेवणात माझ्या शाईची थट्टा अखंड चालू होती.

जेवणं आटोपत होती तेवढ्यात काशीआत्या घरातून बाहेर पडली. धुतलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, हातात ओळखपत्र. ती सरळ शाळेच्या दिशेनं चालू लागली. वाटेवर बसलेले पुरुष उठून आडवे आले.

"आत्या, कुनी जायचं नाय असं ठरलंय ना?"

"तुमचं ठरलं. मला कुनी इचारलं?"

आवाज चढले. हर्षाली उठली. मला वाटलं, ही आता आत्याला समजावून घरी नेणार. बैठकीत बहिष्कारासाठी सगळ्यांत जास्त तीच बोलली होती. तिनं जाऊन आत्याचा हात धरला आणि पुरुषांना म्हणाली, "वाट सोडा."

"तूच बहिष्कारवाली, आनि तूच घेऊन जातेस?"

"मी जात नाय. ती जाते. मी तिला फाटकापर्यंत सोडते."

त्यांनी वाट सोडली, पण नाखुशीनं. आत्या आत गेली. हर्षाली फाटकाबाहेर पाठमोरी उभी राहिली. थोड्या वेळानं आत्या बोट वर धरून बाहेर आली आणि एखादा मान मिळाल्यासारखी चालत अंगणात येऊन माझ्याशेजारी बसली.

हर्षालीही येऊन बसली. मग तिचा चेहरा बदलला. "मॅडम," तिनं हळूच विचारलं, "मोजनीच्या वेळी आमच्या वाडीची मशीन वेगळी मोजतात ना?"

"हो."

"मग आख्ख्या मशीनीत एकच मत असेल. आत्यानं कुनाला दिलं ते सगळ्यांना कळंल."

"हो."

आत्या फाटकातून आत शिरली त्याच क्षणी हे माझ्या डोक्यात आलं होतं. पण मी तिथं पाहुणी होते, आणि सगळ्यांना माझं मत माहीत होतं. मी तोंड उघडलं असतं तर ती मतं गोळा करायची युक्ती ठरली असती. म्हणून 'हो' सोडून काही बोलले नाही.

हर्षालीनं सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि अडचण सांगितली. गलका झाला. तिचे वडील म्हणाले, "बहिष्कार म्हंजे एकबी मत नाय! एकीनं मोडला, आता बाकीच्यांनीबी मोडायचा?"

"बाबा, एक मत पडलंच हाय. ते एकटं सोडायचं काय? उद्या तिच्या पाटीपाशी येऊन कोन काय बोलंल, ते तुमी थांबवाल?"

कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा आत्यानंच सांगून टाकावं कुणाला दिलं ते.

"मी नाय सांगायची," आत्या म्हणाली. "मेले तरी नाय."

एका बाईनं माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, तुमी काय बोलत नाय?"

"माझं मत तुम्हाला माहीत आहे. आज ते मधे आणू नका. तुमचं तुम्ही ठरवा."

 मग हर्षालीची आई हात पुसत उठली. "मी जाते," म्हणाली. तिच्यामागून दोघी उठल्या, मग आणखी काही. ठरलं असं, की थोड्यांनी जायचं, वाटेल त्याला मत द्यायचं आणि कुणाला दिलं ते घरातसुद्धा बोलायचं नाही. बाकी वाडी बहिष्कारावर ठाम. मतदान संपत आलं होतं. पेंगुळलेले कर्मचारी एकदम ताठ झाले. रांगेत शेवटी हर्षालीचे वडील पुटपुटत उभे होते आणि त्यांच्या पुढे हर्षाली. तिचं ते आयुष्यातलं पहिलं मत.

ती बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर. शाईचं बोट माझ्या नाकापुढे नाचवत म्हणाली, "तुमी जिंकलात असं समजू नका हां, मॅडम."

"नाही समजत."

"मला आजून नाय पटत."

मोजणीच्या दिवशी वाडीच्या यंत्रातून मूठभर मतं निघाली, ती इतक्या जणांत वाटली गेलेली की उमेदवारांच्या माणसांना त्यांतून काहीच अर्थ लावता आला नाही. वर्तमानपत्रात आलं, बहिष्काराला संमिश्र प्रतिसाद. ते वाचून मी आणि हे पोट धरून हसलो.

बंधारा पुढे झाला, निम्म्या किनाऱ्याला. हर्षाली म्हणते, जवळजवळ रिकामं यंत्र बघून ते घाबरले. मी म्हणते, त्या पावसाळ्यात पाणी थेट शाळेत शिरलं म्हणून झाला. ती आता पालघरला वकिली करते. पक्षकार नसला की दुपारी फोन करते आणि आम्ही हाच वाद पुन्हा पहिल्यापासून घालतो, नवे दाखले घेऊन. मधेच तिचं काम निघतं आणि ती फोन ठेवते. मला दिवसभर बरं वाटतं.

काशीआत्या गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत बाजारात बसत होती. तिनं त्या दिवशी कुणाला मत दिलं, ते वाडीत अजून कुणालाही माहीत नाही.